हाताला बसेल तो माऊस

मित्रहो, माऊसच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या टायपात जो आकडा छापलेला असतो, तिथूनच सुरुवात करतो, कारण निवडीतला निम्मा घोळ त्या आकड्याने घातलेला आहे. हा आकडा डीपीआयचा. कुठे ८०००, कुठे १६०००, कुठे थेट २६०००. माऊस टेबलावर एक इंच सरकला तर ती हालचाल तो जास्तीत जास्त किती पायऱ्यांत मोजू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. ८०० डीपीआयवर एक इंच सरकवला आणि विंडोजमधला पॉइंटरचा वेग मधल्या खुणेवर असला, तर कर्सर स्क्रीनवर ८०० पिक्सेल जातो. फुल एचडी स्क्रीन आडवा १९२० पिक्सेलचा. भागाकार करून बघा. या कडेपासून त्या कडेला जायला माऊस २.४ इंच सरकवावा लागेल. मनगट आणि बोटं मिळून सहज पार करतील असं हे अंतर आहे. आता हाच भागाकार २६०००ने करा. उत्तर दोन मिलीमीटरच्याही आत येतं. म्हणजे श्वास घेताना हात हलला तरी कर्सर पलीकडच्या कडेला जाऊन आपटणार. एवढा डीपीआय कोण वापरतं? काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या खेळातले व्यावसायिक खेळाडू बहुतेक ४०० ते १६००च्या दरम्यानच राहतात. तो मोठा आकडा सेन्सरची, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या भागाची, कमाल मर्यादा सांगतो. माऊस चांगला आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

माझं म्हणणं असं आहे की माऊस आधी हाताने निवडावा आणि आकडे नंतर वाचावेत. यामागे नुसती आवड-निवड नाही, जुना अभ्यास आहे. अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतला पहिला माऊस १९६०च्या दशकात त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी तयार केला, लाकडाच्या ठोकळ्यात. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तो जगासमोर आला. पुढे १९७८ साली एका शोधनिबंधात माऊस, जॉयस्टिक आणि बाणांच्या कळा यांची तुलना झाली. पडद्यावरचा मजकूर निवडायला कोणतं साधन जलद, हा प्रश्न होता. निबंधाच्या लेखकांमध्ये तेच बिल इंग्लिश होते. माऊस पहिला आला, पण मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. माऊसचा वेग हात आणि डोळा यांच्या स्वतःच्या मर्यादेच्या अगदी जवळ पोचलेला आहे, असं त्यांना दिसलं. सत्तरच्या दशकातल्या त्या ओबडधोबड माऊसची ही गोष्ट! तेव्हाच साधन हाताइतकं जलद झालेलं असेल, तर आज फरक पडतो तो ते साधन हाताला किती मोकळं ठेवतं, याने.

म्हणून पहिलं काम पट्टी घेण्याचं. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजा. गेम खेळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ अंदाज रूढ आहे, की माऊसची लांबी हाताच्या लांबीच्या साधारण ६० टक्के असावी. हात १८ सेंटीमीटरचा असेल तर माऊस पावणेअकरा सेंटीमीटरच्या आसपास. पण हा अंदाज तुमच्या पकडीप्रमाणे वरखाली होतो. काही जण पूर्ण तळहात माऊसवर टेकवतात आणि बोटं सरळ पसरतात. त्यांना थोडा लांब, मागे फुगीर असलेला माऊस लागतो. काहींचा तळहात फक्त मागच्या टोकाला टेकतो आणि बोटं पंजासारखी वाकून बटणांवर येतात. या पकडीला क्लॉ म्हणतात. आणि काही जण तळहात लावतच नाहीत, माऊस नुसत्या बोटांच्या टोकांत धरतात. त्यांनी लहान आणि हलका माऊस घ्यावा. तुमची पकड कोणती, हे विचार करून ठरवू नका. पाचेक मिनिटं नेहमीचं काम करा आणि मग हात न हलवता त्याच्याकडे बघा.

नवा माऊस हातात मिळाला तर एवढं जरूर करा. अंगठा आणि अनामिका, किंवा अंगठा आणि करंगळी यांच्यात धरून तो सरळ वर उचला. उचलताना जोर लावून दाबावा लागला, किंवा तो पुढे-मागे कलला, तर त्याच्या बाजूंचा उतार तुमच्या बोटांसाठी नाही. मग बघा, अनामिका आणि करंगळीला टेकायला जागा आहे की त्या पॅडवर घासताहेत. दोन मिनिटांत ते जाणवतही नाही, पण दोन तासांनी करंगळीची कड हुळहुळायला लागते.

उचलण्यावर मी एवढा भर का देतोय? नेमबाजीच्या खेळात संवेदनशीलता, म्हणजे माऊस सरकवल्यावर नेम किती सरकतो ते प्रमाण, मुद्दाम कमी ठेवतात. खेळातलं पात्र पूर्ण गोल फिरवायला ३० ते ५० सेंटीमीटर हात सरकवणारे खेळाडू भरपूर आहेत. पॅड संपलं की माऊस उचलायचा, मध्ये आणून ठेवायचा, पुन्हा सरकवायचा. एका डावात हे शेकडो वेळा होतं. अशा वेळी १०० ग्रॅमच्या वरचा माऊस आणि ६० ग्रॅमचा माऊस यांतला फरक खांद्याला कळतो. दिवसभर तक्ते भरणाऱ्याला मात्र वजनाने फार बिघडत नाही, कारण तो माऊस क्वचितच उचलतो. उलट थोडा जड माऊस जागेवर स्थिर राहतो आणि काहींना तेच बरं वाटतं. एकाच माऊसवर दोन्ही करायचं असेल तर ६० ते ८० ग्रॅमच्या दरम्यान बघा, असं मी सांगेन.

आता सेन्सर. माऊसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. एलईडी किंवा लेसरचा प्रकाश पृष्ठभागावर तिरपा पडतो, तिथले बारीक उंचवटे सावल्या पाडतात आणि कॅमेरा त्यांचे सेकंदाला हजारो फोटो काढतो. प्रत्येक फोटोत ठिपके काही शे ते हजार-दीड हजार, बस्स. मागच्या फोटोतली नक्षी पुढच्या फोटोत किती सरकली, ते मोजून हालचाल ठरते. स्वच्छ काचेवर नक्षीच नसते, म्हणून साधा माऊस तिथे भांबावतो. लेसर पृष्ठभाग जास्त बारकाईने वाचतो आणि त्यामुळे चकचकीत टेबलावर चालतो, पण कापडी पॅडवर तोच बारकावा त्याला चकवू शकतो. त्यामुळे गेमिंगमध्ये एलईडीवाले सेन्सर पुन्हा पुढे आले. पीएमडब्ल्यू ३३६० हा सेन्सर आला तेव्हापासून चांगल्या कंपन्यांच्या मधल्या श्रेणीतही हात कितीही झटकला तरी न चुकणारा सेन्सर मिळू लागला. म्हणूनच सेन्सरच्या आकड्यांच्या स्पर्धेत पैसे ओतू नका, असं मी म्हणतो.

सेन्सरबाबत एकच गोष्ट घरी तपासण्यासारखी आहे. माऊस उचलल्यावर कर्सर किती उंचीपर्यंत हलत राहतो? जुनी सीडी घ्या, तिची जाडी १.२ मिलीमीटर असते. मधलं भोक सेन्सरखाली येईल अशी ती पॅडवर ठेवा, वर माऊस ठेवा आणि हलवा. कर्सर हलत असेल तर दुसरी सीडी लावा. एका सीडीवरच तो थांबला तर उत्तम. तीन सीडींवरही चालत राहिला, तर दर वेळी उचलताना नेम थोडा ढळणार हे नक्की. काही माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही उंची कमी करता येते.

पोलिंग रेट म्हणजे माऊस आपली जागा कॉम्प्युटरला सेकंदाला किती वेळा कळवतो ते. साधा माऊस १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलीसेकंदांनी. गेमिंगचा माऊस १००० वेळा, म्हणजे दर मिलीसेकंदाला. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर एक चित्र साधारण ७ मिलीसेकंद टिकतं, तेव्हा ८वरून १वर येणं खरोखर उपयोगाचं आहे. १०००वरून ८००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ८००० वेळांवर, गेलं तर बचत होते ती एका मिलीसेकंदापेक्षाही कमी, आणि त्यापायी प्रोसेसरवरचा ताण वाढतो, बॅटरी लवकर उतरते. बहुतेकांना १००० पुरे.

रोजच्या वापरात माऊस मरतो तो सेन्सरमुळे नाही, बटणामुळे. एकदा दाबावं आणि क्लिक दोन व्हावेत, हा आजार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आत धातूची एक पातळ पट्टी संपर्कावर आपटते. ती आपटताना किंचित थरथरते. नवी असते तोवर माऊसमधली प्रणाली ती थरथर गाळते, पण पट्टी झिजली, संपर्कावर थर साचला की थरथर लांबते आणि तिचाच दुसरा क्लिक धरला जातो. पहिली खूण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: फाइल ओढून नेताना ती मध्येच सुटते. ऑप्टिकल स्विचमध्ये धातूच्या संपर्काऐवजी प्रकाशाचा किरण अडतो किंवा सुटतो, म्हणून ही व्याधी मुळातच नाही. क्लिकचा स्पर्श काहींना थोडा वेगळा वाटतो, तेवढा एकदा दाबून बघा. हातातला माऊस जास्त वर्षं टिकावा असं वाटत असेल तर डीपीआयपेक्षा या गोष्टीसाठी पैसे मोजा.

वायर की वायरलेस, हा वाद आता संपल्यात जमा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाले, म्हणजे यूएसबीत खुपसायचा छोटा रिसीव्हर असलेले, चांगले माऊस वायरच्या तोडीचे चालतात. ब्लूटूथ ऑफिसकामाला छान, पण वेगवान खेळाला नको. डोंगल मात्र कॉम्प्युटरच्या मागे, यूएसबी ३च्या पोर्टशेजारी खुपसून ठेवू नका. त्या पोर्टमधून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो आणि कर्सर अडखळतो. छोटी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल पॅडजवळ आणा, बहुतेक वेळा अडखळणं जागीच थांबतं.

आणि विंडोजच्या माऊस सेटिंगमधला ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय बंद करून महिनाभर वापरून बघा. तो चालू असताना तुम्ही माऊस किती वेगाने हलवला यावर कर्सरचं अंतर बदलतं, आणि हाताला एकच एक माप कधी पक्कं होत नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली होती, की मनगट दुखतं, तर उभा माऊस घ्यावा का. ताई, उभ्या माऊसमध्ये हात हस्तांदोलनासारखा राहतो आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा पीळ कमी होतो, त्यामुळे पुष्कळांना आराम पडतो. कामासाठी जरूर घ्या. वेगवान खेळ त्यावर अवघड जातात, तिथे दुसरा माऊस ठेवा. पण आधी टेबलाची उंची बघा. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहत नसेल तर कोणताही माऊस दुखणारच. आणि बोटांत मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल, तर माऊस बदलण्याआधी डॉक्टरांना हात दाखवा.