अंतर दुप्पट, मग उरलं किती?

[दृश्य: भांडुपची मिठागरं. मागे द्रुतगती मार्गावरची वाहनं.]

निवेदन: खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाने आटवायचं, की खाली मीठ धरतं. या मिठाच्या दाण्यात सोडियमवर धन विद्युतभार, क्लोरीनवर ऋण. मधलं अंतर ०.२८ नॅनोमीटर. हे अंतर दुप्पट केलं, तर त्या जोडीला बांधून ठेवणारी ऊर्जा निम्मी उरते. निम्मी म्हणजे पुष्कळच. असे घट्ट धरलेले आयन, म्हणजे भार असलेले अणू, सुटे करायचे, तर मीठ ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, तेव्हा ते वितळतं.

[दृश्य: ओट्यावर पाण्याचा ग्लास. त्यात चिमूटभर मीठ.]

पाण्यात मात्र ते बघता बघता विरघळतं. पाण्याच्या रेणूवर एकूण भार शून्य, पण रेणू वाकडा. ऑक्सिजनकडे थोडा ऋण भार, हायड्रोजनांकडे थोडा धन. असा हा द्विध्रुव. सोडियमकडे तो ऑक्सिजनची बाजू करतो. ऋण टोक जवळ, धन टोक जरासं लांब, म्हणून ओढ रेट्याला पुरून उरते. पण जरा दूर सरका, की दोन्ही टोकं जवळपास सारखीच लांब वाटू लागतात आणि ओढ-रेटा एकमेकांना खोडतात. म्हणून इथे अंतर दुप्पट झालं, की ऊर्जा पावच उरते. एकट्या रेणूचं हे काम नाही. सोडियमभोवती पाच-सहा जण गोळा होतात, त्यांच्यामागे आणखी, तेव्हा स्फटिक सोडण्याची किंमत जवळजवळ भरून निघते.

[दृश्य: जुलै. खिडकीवर पाऊस. पाणी सुटलेल्या मिठाची बरणी.]

समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहून जातं. मॅग्नेशियमच्या आयनावर भार दुप्पट, शिवाय तो सोडियमपेक्षा लहान, म्हणजे पाणी आणखी जवळ येणार. मुंबईच्या दमट हवेतली वाफ तो ओढून घेतो. बरणीत टाकलेले चार तांदूळ त्याच्यापुढे काय टिकणार?

पाण्याचे दोन रेणू समोरासमोर आले, तर अंतर दुप्पट झाल्यावर ऊर्जा आठवा हिस्सा उरते. आणि इथे दिशाही मोजावी लागते. तेवढ्याच अंतरावर, एकामागे एक उभे राहिलेले द्विध्रुव शेजारी उलटसुलट उभ्या असलेल्यांपेक्षा दुप्पट घट्ट बांधलेले असतात. दोघांची सारखी टोकं समोरासमोर आली, तर ओढ जाऊन रेटा येतो.

[दृश्य: कपाटात साड्यांमध्ये डांबर गोळ्या.]

नॅप्थलीनचा रेणू इतका सममित, की तो द्विध्रुवही नाही. पण त्याच्या सपाट पृष्ठांवर ऋण भार, कडेच्या हायड्रोजनांवर धन. हा चतुर्ध्रुव. स्फटिकात एकाची कड दुसऱ्याच्या पृष्ठाकडे तिरपी वळलेली दिसते, त्यात या चतुर्ध्रुवाचा हात आहे. अशा दोघांमधलं अंतर दुप्पट केलं, तर उरतो बत्तिसावा हिस्सा.

हिशेब सोपा आहे. भाराला शून्य, द्विध्रुवाला एक, चतुर्ध्रुवाला दोन. दोघांचे आकडे मिळवा, वर एक धरा. अंतराच्या तितक्या घाताने ऊर्जा घटते.

[दृश्य: शेगडीची निळी ज्योत.]

पाइपच्या गॅसमधला मिथेन त्याही पुढचा, अष्टध्रुव, म्हणजे आकडा तीन. तीन आणि तीन सहा, वर एक सात. उरला १२८वा हिस्सा. मिथेनचे रेणू एकत्र येतात ते मुख्यतः वेगळ्याच ओढीने. इलेक्ट्रॉनांच्या हालचालीतून क्षणिक द्विध्रुव उमटतात, हे फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये मांडलं. तीही दुबळीच. म्हणून दाभोळच्या टर्मिनलवर जहाजातून येणारा द्रवरूप वायू उणे १६० अंशांच्या आसपास थंड राखावा लागतो.