आग्वादच्या कोठडीत बांद्याची मंडळी

सकाळी सातला बांद्याहून निघालेली मिनीबस पत्रादेवीच्या नाक्यावर पोहोचते, तेव्हा मागच्या बाकावरच्या मंडळींचा दुसरा चहासुद्धा झालेला नसतो. बसमध्ये २२ जण आहेत. त्यांतले बहुतेक जण सावंतवाडी, बांदा आणि दोडामार्ग परिसरातील निवृत्त न्यायालयीन कर्मचारी आहेत. कोणी शिरस्तेदार होते, कोणी बेलिफ, तर कोणी जन्मभर निकालपत्रांच्या नकला तयार केल्या. सोबत दोन निवृत्त हवालदार आहेत आणि बाकीची घरची माणसे. ही मंडळी दरवर्षी एक सहल काढतात. गाणगापूर झाले, महाबळेश्वर झाले. यंदा तुरुंग पाहायचे ठरले, आणि त्यावरून घरोघरी जी थट्टा झाली तिची उजळणी अजून चालू आहे.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी बस थांबते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही याच वाटेने गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैल सिंग येथे धारातीर्थी पडले, तर सहोदराबाई राय जखमी झाल्या. बसमधल्या सर्वांत वयोवृद्ध आजी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या आणि त्यांचे बांदा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. गोळीबाराचे त्यांना काही आठवत नाही. आठवतात ते अंगणात पालथे घातलेले भाताचे मोठाले टोप, आणि ‘पाखल्यांनी मारल्यानी’ असे ओरडत आलेला एक शेजारी. पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज. सीमेलगतच्या या गावांत हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे.

म्हापसा आणि कांदोळी मागे टाकून बस आग्वादला येते. मांडवीच्या मुखावरचा हा किल्ला १६१२ मध्ये बांधून पुरा झाला. त्याचे नाव पाण्यावरून पडले, कारण लांबच्या सफरीवरून आलेली पोर्तुगीज जहाजे येथल्या झऱ्यांचे गोडे पाणी भरून घेत असत. बरेच पर्यटक टेकडीच्या माथ्यावरचे दीपगृह आणि तटबंदी पाहून परततात. तुरुंग मात्र खाली, पाण्यालगत आहे. पोर्तुगीज गेल्यावरही तो गोव्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात होता. २०१५ मध्ये येथले कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवण्यात आले, आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवामुक्तीला ६० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते या जागी संग्रहालय खुले झाले. त्यामुळे या भिंतींनी केवळ स्वातंत्र्यसैनिकच पाहिलेले नाहीत. चोरीमारीच्या खटल्यांतले साधे कच्चे कैदीसुद्धा येथे वर्षानुवर्षे राहिले, आणि आमच्या हवालदारांना त्यांचीच आठवण अधिक येते.

कोठड्यांच्या रांगेत डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांच्या कोठड्यांपाशी सगळे थांबतात. १८ जून १९४६ रोजी मडगावला सभाबंदी मोडून लोहिया बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पुन्हा गोव्यात आले, तेव्हा त्यांना आग्वादला ठेवून काही दिवसांनी हद्दीबाहेर सोडण्यात आले. कुन्हा गोव्याचेच, त्यांना अशी सुटका नव्हती. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि येथून पुढे त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या तुरुंगात झाली.

येथे निवृत्त शिरस्तेदार आपला प्रश्न काढतात. कोठडी केवढी, खायला काय मिळत असे, हे त्यांना विचारायचे नाही. ते विचारतात, ‘कलम कोणतां लावलेला?’ ज्याचे आयुष्य रोजनामे आणि आरोपपत्रे वाचण्यात गेले त्यालाच हे सुचावे. उत्तर असे की, सभा, पत्रक, घोषणा यांसारख्या गोष्टीदेखील राज्याच्या सुरक्षिततेविरुद्धचा गुन्हा ठरत, आणि साध्या नागरिकाचा खटलासुद्धा पणजीच्या प्रादेशिक लष्करी न्यायाधिकरणापुढे उभा राही. नानासाहेब गोरे १८ मे १९५५ रोजी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले, त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. दोन महिन्यांनी आलेल्या मधू लिमये यांना बारा. दोघेही आग्वादला होते आणि १९५७ च्या सुरुवातीला सुटले.

‘दहा वर्सां? निस्ते चलान इले म्हणान?’ मागून कोणीतरी विचारते.

बेलिफ लगेच हिशेब मांडतात. जुन्या भारतीय दंडविधानात बेकायदा जमावात सामील होण्याला कलम १४३ खाली जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद होती. ही तुलना कायद्याच्या दृष्टीने तंतोतंत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. परंतु ज्या माणसाने हजारो समन्स बजावले, त्याला शिक्षेचे माप असेच समजते.

कोठडीत शिरून गजांमागून फोटो काढण्याचा मोह आमच्या मंडळींनाही आवरत नाही. एक हवालदार मात्र फोटोला उभे राहत नाहीत. ते आत जातात आणि नातीला दार ओढून घ्यायला सांगतात. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लॉकअपचे दार असंख्य वेळा बाहेरून लावले, पण आतून ते कसे दिसते हे कधी पाहिले नव्हते. दोन गजांमधून हात बाहेर काढून ते कडीपर्यंत बोटे पोहोचतात का, ते पाहतात. पोहोचत नाहीत. ‘बरोबर लावली आसा,’ एवढेच ते म्हणतात. लाटांचा आवाज स्पष्ट येतो. समुद्र मात्र तेथून दिसत नाही. नात दार उघडते तेव्हा त्यांच्या तळहाताला गंज लागलेला असतो आणि तो ते बराच वेळ रुमालाने पुसत राहतात.

परतीची वाट नेरुळवरून बेतीला जाते. मांडवीच्या या काठावरून समोर पणजी दिसते. ऑक्टोबर १९५५ मध्ये गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाच्या लोकांनी बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. त्यात मोहन रानडे जखमी होऊन पोर्तुगीजांच्या हाती लागले. त्यांचे मूळ नाव मनोहर आपटे. सांगलीचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून आला होता. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे तेथेच होते. त्यांच्या सुटकेसाठी संगीतकार सुधीर फडके यांनी सातत्याने खटपट केली, आणि अखेर जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले.

फेरीबोटीची वाट पाहत धक्क्यावर बसलेल्या शिरस्तेदारांना हे पटत नाही. गोव्यात ते सरकारच उरले नाही, तर सात वर्षे वॉरंट कोणत्या अधिकारात चालले, असे ते पुन्हा पुन्हा विचारतात. बेलिफ बोटांवर मोजतात: ऑक्टोबर पंचावन्न ते जानेवारी एकोणसत्तर, तेरा वर्षे आणि तीन महिने.

आजी इतका वेळ गप्प होत्या. ‘म्हणजे माझा लगीन झाला, त्या वर्सा ते सुटले,’ असे त्या म्हणतात, आणि बोट धक्क्याला लागते तशा पिशवी उचलून उभ्या राहतात.