रंगून, १९४२ : आधी बायकामुलं, मग आपण

[नकाशा : बंगालचा उपसागर. एका काठाला कलकत्ता आणि चितगाव, समोरच्या काठाला रंगून.]

ब्रह्मदेशातलं मंडाले आपल्याला ठाऊक असतं ते टिळकांमुळे. रत्नागिरीकरांना ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा ठाऊक असतो, कारण त्याचा राजवाडा अजून गावात उभा आहे. रंगूनबद्दल मात्र आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. एके काळी मुंबईत आणि कोकणात रंगूनचा तांदूळ घरोघरी शिजायचा, तरीही.

१९३१ च्या जनगणनेत रंगूनची वस्ती चार लाखांची होती. त्यात भारतीय होते दोन लाख बारा हजारांच्या वर. म्हणजे ब्रह्मदेशाच्या राजधानीत ब्रह्मी माणूसच अल्पसंख्य. गोदीतले हमाल तेलुगू, सावकारी तमिळ चेट्टियारांची, कचेऱ्यांत बंगाली कारकून, सुरती बाजारात गुजराती पेढ्या. रस्ते झाडणारे आणि मैला उचलणारेही इकडूनच गेलेले. बाजारात ब्रह्मी भाषा आली नाही तरी मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीवर निभावून जायचं.

हे सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असं समजू नका. १९३० मध्ये गोदीतल्या कामावरून तेलुगू आणि ब्रह्मी मजुरांत दंगल पेटली. १९३८ मध्ये पुन्हा पेटली. १९३७ पासून तर ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून कायद्यानेच वेगळा झाला होता. त्यामुळे १९४१ च्या हिवाळ्यात जपान दुसऱ्या महायुद्धात उतरला, तेव्हा रंगूनमधल्या भारतीय कुटुंबप्रमुखाला जपान्यांची धास्ती होतीच, पण जपानी पोचायच्या आधी आपल्या आळीत काय होईल, हा घोर जास्त होता.

[दृश्य : गोदी, नदीकाठचा रस्ता, सुले पॅगोडाचा चौक.]

२३ डिसेंबर १९४१. सकाळी जपानी विमानांचा आवाज आला आणि लोक घराबाहेर आले. हवाई हल्ला म्हणजे काय, हे या शहराला माहीतच नव्हतं. वर विमानांची झुंज चाललेली आणि खाली माणसं रस्त्यावर उभी राहून, माना वर करून ती बघतायत. बॉम्ब पडले ते याच गर्दीवर. पुरेसे खंदक नव्हते, आसरे नव्हते. दोन हजारांच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. दोन दिवसांनी, ऐन नाताळात, दुसरा हल्ला झाला.

त्या दोन दिवसांत शहर फुटलं. हमाल गेले, झाडूवाले गेले, घरोघरचे आचारी आणि गाडीवाले गेले. उत्तरेकडे प्रोमला जाणाऱ्या रस्त्यावर माणसांची रांग लागली. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. बहुतेक सगळे पायी.

इथून पुढची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कडू वाटते. गोदीत लष्करी सामानाची जहाजं उभी होती आणि माल उतरवायला माणूस नव्हता. चीनला पाठवायच्या सामानाचे ढीग धक्क्यावर पडून होते. गल्ल्यांत कचरा आणि मैला साचत चालला होता. ज्यांना कुणी कधी हिशोबात धरलं नव्हतं, त्यांच्यावाचून राजधानी चालत नाही, हे साहेबांना तेव्हा कळलं. सरकारी अधिकारी त्या रस्त्यावर गेले आणि या लोकांना समजावून परत आणू लागले. धान्य देऊ, राहायची सोय करू, रंगून पडत नाही. बरेच जण परत फिरलेही. घरच्या लोकांना पुढे काढून स्वतः परतणारे होते आणि कुटुंबासकट परतणारेही होते.

सरकारच्या शब्दावर विसंबून जे परतले, त्यांनाच पुढे सगळ्यात वाईट वाट तुडवावी लागली. डिसेंबरमध्ये ज्यांनी ऐकलं नाही, त्यांना निदान थंडीचे दिवस मिळाले.

[दृश्य : बोटीचं तिकीट, खिडकीसमोरची रांग.]

समुद्राचा मार्ग अजून उघडा होता. बोटी कलकत्त्याला, चितगावला, मद्रासला जात होत्या. गरिबाचं तिकीट डेकचं. म्हणजे खोली नाही, बाक नाही. बोटीच्या उघड्या फळीवर पथारी टाकायची आणि वर पाऊस आला तर भिजायचं. वर्षानुवर्षं लाखो मजूर याच फळीवरून ये-जा करत होते. आता सरकारने निर्बंध घातला : धडधाकट भारतीय पुरुषाला डेकचं तिकीट द्यायचं नाही. बायकामुलांनी खुशाल जावं. केबिनचं भाडं भरणाऱ्याला ही अडचण नव्हती.

कागदावर हा नियम मजूर थोपवण्यासाठी होता. घरात त्याचा अर्थ वेगळा व्हायचा. बायको आणि मुलं बोटीवर चढवायची तर त्यांच्या सोबतीला कोण? कुणी म्हातारा गाववाला जातोय का, शेजारच्या बाईंचा भाऊ केबिनने जातोय का, कलकत्त्याच्या धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यायला कुणी येईल का, तिथून पुढे मुलुखाकडे जाणाऱ्या गाडीत कोण बसवून देईल. पत्र पोचेल याची खात्री नाही. हे जमलं नाही की घर एकत्रच राहायचं, म्हणजे सगळेच अडकायचे. ज्यांचं जमलं त्यांच्यातला नवरा धक्क्यावरून माघारी वळायचा आणि रिकाम्या घरातून उद्या कामावर जायचा. पैसा होता त्यांचं सगळं कुटुंब एका फेरीत पार झालं. रंगून पडण्यापूर्वी सुमारे सत्तर हजार माणसं समुद्रमार्गे निघाली, असा अंदाज आहे.

१५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. मग सगळंच झपाट्याने झालं. २० फेब्रुवारीला रंगून सोडण्याचा हुकूम निघाला. ज्यांचं काम अत्यावश्यक नाही त्यांनी निघावं. २३ तारखेच्या पहाटे रंगूनच्या पूर्वेकडच्या सितांग नदीवरचा पूल इंग्रज सैन्यानेच उडवला, आणि त्यांच्याच दोन ब्रिगेड पलीकडच्या काठावर राहिल्या. माणसं ओंडक्यांना धरून, पोहत अलीकडे आली. कित्येक बुडाली. आता जपानी आणि रंगून यांच्यामध्ये अडवणारं फारसं काही उरलं नव्हतं.

शहरात तुरुंगाची दारं उघडली गेली. वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण रस्त्यावर आले. प्राणिसंग्रहालयातली हिंस्र जनावरं मारून टाकण्यात आली. लूट चालू होती, आगी लागत होत्या आणि विझवायला कुणी नव्हतं. मागे राहिलेली भारतीय कुटुंबं यातून वाट काढत होती.

[नकाशा : रंगूनच्या उत्तरेचा प्रोम रस्ता, ताउक्यान.]

७ मार्चला दुपारी रंगूनजवळच्या सिरियमच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला, साठ्यांना, गोदीतल्या यंत्रांना सुरुंग लावले गेले. शेवटची फौज उत्तरेकडे निघाली आणि वीस-एकवीस मैलांवर ताउक्यानजवळ जपान्यांनी रस्ता अडवला. दोनच दिवसांपूर्वी दाखल झालेले सेनापती अलेक्झांडर त्यात अडकले. दिवसभर हल्ले करूनही तो अडथळा फुटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर जपानी तिथून निघून गेलेले! जपान्यांची मुख्य तुकडी रस्ता ओलांडून पश्चिमेकडून रंगूनवर चालून जाणार होती. ती पार होईपर्यंतच रस्ता धरायचा हुकूम होता. इंग्रज शहर लढवणार असाच त्यांचा समज. ८ मार्चला ते रंगूनमध्ये शिरले तेव्हा शहर रिकामं होतं. वेढा पडता पडता राहिला, तो शत्रूच्या गैरसमजाने.

पण सैन्य सुटलं म्हणजे माणसं सुटली असं नव्हे. रंगूनहून बोट बंद झाली. आता चालणं.

पहिली वाट प्रोमहून. इरावती ओलांडायची, आराकानच्या डोंगररांगा चढायच्या आणि ताउंगुपला समुद्र गाठायचा. शंभराहून अधिक मैल. तिथून होडी किंवा लाँच मिळाली तर अक्याब बंदर, आणि अक्याबहून चितगाव. लाखाहून अधिक माणसं या खिंडीतून गेली. बांबूचं रान, धुळीचा गाडीरस्ता, आणि पाण्याचा टिपूस नाही असे लांबच लांब टप्पे. प्रोमच्या छावण्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली होती, ती माणसांबरोबर खिंडीत चढली. पटकीच्या रोग्याला लागतं पाणी, आणि नेमकं तेच नाही. सुरुवातीला लोक ट्रंका टाकत गेले, मग भांडी, मग गाठोडी. शेवटी चालू न शकणारी म्हातारी माणसं झाडाखाली मागे राहिली. पोरं खांद्यावर असलेला बाप आपल्या म्हाताऱ्या आईसाठी थांबला असता तर दोन्ही गेली असती. असा निवाडा त्या रस्त्यावर रोज होत होता.

दुसरी वाट मंडालेवरून. मंडालेच्या आसपासच्या छावण्यांत हजारो माणसं पुढे सोडण्याची वाट बघत पडली होती. ३ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, लाकडी घरांचं ते शहर बॉम्बच्या आगीत जळालं. ज्या किल्ल्यातल्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं तेच हे मंडाले. तिथून मोनिवा, चिंदविन नदी, कालेवा, तामू, आणि डोंगर चढून इंफाळ. या वाटेवर दोन प्रकारच्या सोयी होत्या अशी तक्रार होती. बऱ्या छावण्यांचा आणि वाहनांचा रस्ता युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांसाठी, बाकीच्यांना खडतर रस्ता. लोक त्यांना गोरी वाट आणि काळी वाट म्हणत. सरकारने भेदभाव नाकारला.

या तक्रारी दिल्लीत ज्यांच्या टेबलावर पडत होत्या, ते होते यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. १९४१ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचं खातं सांभाळत होते. टिळकांचे निस्सीम अनुयायी. पुढे त्यांनी टिळकांचं चरित्र संस्कृत काव्यात लिहिलं. मंडालेहून निघालेल्या माणसांची जबाबदारी त्यांच्याकडे यावी, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. पण खातं हातात असलं तरी रस्ते, ट्रक आणि विमानं लष्कराच्या हातात होती, हेही खरं. अण्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

शेवटची वाट सगळ्यात उशिरा निघालेल्यांची. उत्तर ब्रह्मदेशातल्या मिच्चिनाच्या विमानतळावरून बायकामुलांना आणि जखमींना उचलून नेत होते. ६ मे रोजी तिथे बॉम्ब पडले आणि विमानं थांबली. मग राहिलेले लोक हुकाँगच्या खोऱ्यातून, पांगसाऊ खिंडीतून आसामकडे निघाले. तोवर पाऊस सुरू झालेला. गुडघाभर चिखल, फुगलेल्या नद्या, मलेरिया, जळवा. आसामच्या चहामळेवाल्यांनी वाटेत छावण्या उभारल्या, विमानांतून अन्न टाकलं गेलं. तरी त्या वाटेवर कुटुंबंच्या कुटुंबं संपली.

[दृश्य : दिब्रुगढ, ब्रह्मपुत्रेचा काठ.]

रंगूनमध्ये जन्मलेली एक लहान मुलगी अशीच आईबरोबर दिब्रुगढपर्यंत चालत आली. वडील युद्धात मारले गेले होते. आई गरोदर होती, वाटेत तिचा गर्भ गेला. पोचल्यावर मायलेकरांना इस्पितळात ठेवावं लागलं. पुढे कलकत्त्यात देवीच्या साथीत भाऊही गेला. मग हे कुटुंब मुंबईला आलं. त्या मुलीला सगळा देश ओळखतो. तिचं नाव हेलन.

एकूण किती जण निघाले? चार-पाच लाख, असं मानतात. किती मेले याची नोंद कुणी धड ठेवलीच नाही. अंदाज दहा हजारांपासून पन्नास हजारांच्याही पुढे जातात. इतका फरक पडतो, कारण रस्त्याच्या कडेला पडलेला माणूस कुठल्याच वहीत चढत नव्हता.

जे पोचले ते गप्प बसले नाहीत. बिहारमध्ये, बंगालमध्ये, आंध्रात, मद्रास इलाख्यात त्यांनी गावोगाव सांगितलं, की साहेबाने आपली माणसं काढली आणि आम्हाला सोडलं. जुलै १९४२ मध्ये वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला, त्यात मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेशाचा अनुभव इथे नको, असं स्पष्ट म्हटलं होतं. त्याच ठरावातून ऑगस्टमध्ये गवालिया टँकवरचं ‘चले जाव’ आलं.

इकडे ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आलं. बंगालमध्ये त्याच वर्षी दुष्काळ पडला. त्याची कारणं अनेक, पण हेही त्यात होतंच.

युद्ध संपल्यावर बरेच जण परत रंगूनला गेले. घर तिथे होतं, दुकान तिथे होतं, कुणाची माणसं मागे राहिली होती, ती शोधायची होती. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १९६४ मध्ये दुकानं, पेढ्या सरकारजमा झाल्या. त्या दशकात तीन लाखांच्या आसपास भारतीयांना तो देश पुन्हा सोडावा लागला. या वेळी न्यायला भारत सरकारच्या बोटी आल्या. नवऱ्यालाही बायकामुलांबरोबर चढता आलं, पण दागिने आणि रोकड धक्क्यावरच काढून ठेवावी लागली.