राम वाईरकर: ओळखीच्या रेषेमागचा हात

नमस्कार मंडळी,

आपल्यापैकी अनेकांच्या घरी भारतातून आलेल्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी, 'अमर चित्र कथा'चे दोन-चार अंक हमखास असत. त्या अंकांतली चित्रे आपल्याला पाठ आहेत. ती काढणाऱ्याचे नाव मात्र आपण क्वचितच घेतो. म्हणून आज मी राम वाईरकरांविषयी बोलणार आहे.

1967 साली दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देवतांविषयी सांगता आले, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून संपादक अनंत पै अस्वस्थ झाले आणि त्यातून 'अमर चित्र कथा'ची कल्पना पुढे आली. मालिकेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकरावा 'कृष्ण' हा भारतीय विषयावरचा पहिला अंक, आणि त्याची चित्रे वाईरकरांची. या मालिकेची पुढची वाट त्या चित्रांनीच आखली, असे मला मनापासून वाटते.

तरीही त्यांचा हात सर्वांत मोकळा झाला तो विनोदात. 1980 मध्ये 'टिंकल' हे मुलांचे नियतकालिक सुरू झाले आणि 1983 मध्ये, तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या लोककथांवरून, सुपंडी हा भोळा नोकर जन्माला आला. त्याला रूप दिले वाईरकरांनी. निमुळते डोके, त्यावर केसांचा झुपका आणि चेहऱ्यावर संपूर्ण निरागसता. सांगितलेले काम शब्दशः करून सुपंडी शांतपणे उभा असतो आणि शेजारी मालकाच्या संतापाला पारावार नसतो. सारा विनोद या दोन चेहऱ्यांमधल्या अंतरात आहे. सुपंडीच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा नसतो, कारण आपण काही चुकीचे केले आहे हे त्याच्या गावीही नसते; चित्रकाराने तिथे एक रेष जरी जास्त ओढली असती, तरी तो लबाड दिसला असता. माझ्या मुलीला मराठी वाचायला जड जाते, पण फुग्यातला मजकूर वाचण्याआधीच ती हसू लागते. तमिळ लोककथेतला हा नोकर एका मराठी चित्रकाराच्या हातून परदेशी वाढलेल्या मुलीपर्यंत असा पोहोचला.

वाईरकर 2003 मध्ये गेले. त्यानंतर सुपंडी रेखाटण्याचे काम त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी पुढे चालवले.

घरी गेल्यावर जुना अंक सापडला, तर गोष्ट सुरू करण्याआधी मुलांना चित्रकाराचे नाव शोधायला सांगा आणि ते त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.