तेरडा लावण्यापेक्षा राखावा

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

परसात तेरडा कसा वाढवावा, हे मी आज सांगणार असल्याचे निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. परंतु गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत दरडींवर आणि चिऱ्यांच्या गडग्यांच्या फटींत जो आपला आपण उगवतो, त्याची लागवड शिकवण्याची वेळ का यावी, ही तक्रार मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आमच्या वसाहतीच्या कुंपणालगत तेरडा भरभरून फुलत असे. चवथ तोंडावर आली की समितीला स्वच्छतेची आठवण होते आणि खांद्याला यंत्र अडकवलेला माणूस येऊन तो सगळा गुलाबी पट्टा भुईसपाट करतो. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगायच्या माटोळीला रानातले काही मिळत नाही म्हणून हळहळणारी मंडळीही हीच, हे जाता जाता नमूद करतो. मी हरकत घेतली तेव्हा ‘सर, ते रान आहे’ अशी माझी समजूत घालण्यात आली, आणि त्या जागी झेंडू व सदाफुलीच्या कुंड्या आल्या. एक मूळचा मेक्सिकोचा, दुसरी मादागास्करची. झेंडूशी माझे वैर नाही, दसऱ्याचे तोरण मीही बांधतो. पण घरच्याला उपटायचे आणि पाहुण्याला झारीने पाणी घालायचे, हा न्याय मला मान्य नाही. समितीचे कोणी येथे असल्यास त्यांनी चहाच्या वेळी अवश्य भेटावे.

खरा घाव बसतो तो कापणीच्या वेळेमुळे. तेरडा एका पावसाळ्याचा धनी असल्याने त्याचे पुढचे वर्ष मातीत पडलेल्या बियांवरच अवलंबून असते. फुलामागे जी बारीक, वाकलेली शेपटी दिसते, तिच्यात मध असतो. फुलातील परागकोशांची टोपी आधी स्त्रीकेसराला झाकून असते आणि ती गळाल्यावरच ते परागकण स्वीकारते. पुढे लवदार हिरवे बोंड फुगते, आणि ते पिकल्यावर बोट लागताच त्याची पाच शकले झटक्याने गुंडाळली जाऊन बिया दूर उडतात. वर्गात मास्तरांच्या टेबलावर अशी बोंडे कोणी ठेवली होती, ते मी आजही सांगणार नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणणाऱ्याने एकच फूल पाहिले असावे, कारण झाड पानापानाच्या बेचक्यात नवे फूल काढत कित्येक आठवडे फुलत राहते. म्हणजे चवथीला कापलेल्या झाडावर बहुतेक बी अजून तयार व्हायचेच असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेला विषय आता घाईने उरकतो. पहिल्या पावसांनंतर, जूनमध्ये, ओल्या मातीवर बी विखरून वर अगदी पातळ माती भुरभुरावी. रोपे वीतभर अंतरावर विरळ करावीत. खत जवळजवळ नकोच, नाहीतर पानेच माजतात. पाणी तुंबू देऊ नये, पण पावसाने ओढ दिली तर शिंपावे, कारण रसाळ दांडा लगेच मान टाकतो. पाने खाणारी, शेपटावर काटा असलेली जाड अळी दिसल्यास फवारणी करू नये. ती एका पतंगाची असते. रोपवाटिकेतली भरगच्च पाकळ्यांची जात दिसायला छान असली, तरी मधमाशीसाठी साधी, एकेरीच लावावी. बी हवे असल्यास फुगू लागलेल्या बोंडावर मलमलीची पिशवी सैल बांधावी, जमा झालेले बी सावलीत सुकवून कागदी पाकिटात कोरडे ठेवावे, आणि उरलेली झाडे वाळून पिवळी पडेपर्यंत जागची हलवू नयेत.