कायदा दिल्लीचा, खुर्ची राज्याची

श्रोतेहो, नमस्कार.

दुकानातून किलोभर साखर आणली, घरी मोजली, तर पन्नास ग्रॅम कमी भरली. तक्रार कुणाकडे करायची?

वजनमापांची प्रमाणं केंद्र सरकार ठरवतं, 2009च्या कायद्यानं. पण दुकानातला काटा तपासून त्यावर शिक्का मारतो तो राज्याचा वैध मापन निरीक्षक. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. ते बघायला मागा, तुमचा हक्कच आहे तो. भेसळीचंही तसंच. कायदा केंद्राचा, पण नमुना घ्यायला येणारा अधिकारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा.

या तक्रारींनी दुकानदाराला दंड होईल. तुम्हाला भरपाई हवी असेल, तर वाट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर दावा तिथेच चालतो आणि 5 लाखांपर्यंत शुल्कही नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक फार मोठी सोय केली: कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती करायला हवी.

समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं हा कायदा म्हणतो. पण निकाल देणार कोण? आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य नेमायचं काम राज्य सरकारचं. त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या की तारखांवर तारखा पडतात, आणि मिक्सरच्या तक्रारीसाठी रजा काढून आलेला माणूस अखेर नाद सोडून देतो. देशभरातल्या या रिक्त जागांची दखल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. मला याचा राग येतो. संसदेनं दिलेला हक्क एका न झालेल्या नेमणुकीपायी अडून राहावा, हे आपण निमूट सोसता कामा नये.

मदतीसाठी केंद्राची 1915 ही हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक संरक्षण परिषद असते. ती सल्ला देणारी आहे, पण वर्षातून किमान दोनदा तिची बैठक व्हायलाच हवी. तुमच्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली आणि आयोगाच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. चार शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन विचारलंत तर आणखी बरं.