क्लाउड वर्सोव्याच्या वाळूत पुरलाय

(वर्सोवा किनारा, सकाळ. कॅमेऱ्याकडे बघत.)

नमस्कार मंडळी. मागे कोळीवाड्याच्या होड्या दिसतायत, बाजूला बोंबील वाळत घातलेत. वास व्हिडिओतून येत नाही, नशीब तुमचं! पण मला जे दाखवायचंय ते वाळूखाली आहे: परदेशातून आलेल्या समुद्री केबल्स. भारतात त्यांची सगळ्यात जास्त दाटी मुंबईला, आणि मुंबईतही या वर्सोव्याच्या पट्ट्यात.

आपण म्हणतो, फोटो क्लाउडवर टाकले. ढगबिग काही नाही. देशादेशांतला जवळजवळ सगळा डेटा समुद्राच्या तळावरून जातो, उपग्रहांच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा येतो.

(बागेतला पाइप उचलून) खोल समुद्रातली केबल साधारण एवढीच जाड असते. मधोमध केसासारखे काचेचे तंतू, भोवती जेली, मग पोलाद, तांबं आणि वरून प्लास्टिक. तांब्यातून वीज जाते, कारण काही अंतर गेलं की तंतूंतून डेटा नेणारा प्रकाश मंदावतो आणि त्याला पुन्हा जोर द्यावा लागतो. किनाऱ्याजवळ हिच्यावर पोलादी तारांचं चिलखत चढतं. ते शार्कच्या भीतीनं नाही हं. भीती असते ती ट्रॉलरच्या जाळ्यांची आणि जहाजांच्या नांगरांची.

फेब्रुवारी २०२४. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'रुबीमार' जहाजावर क्षेपणास्त्र डागलं. खलाशी उतरले आणि जहाज नांगर फरफटवत वाहत गेलं. त्याच सुमारास तिथल्या तीन केबल्स तुटल्या, बहुधा त्याच नांगरानं. तिन्ही मुंबईला येणाऱ्या होत्या. दुरुस्ती काही महिने रखडली. येमेनमध्ये सत्ताच दोन, मग परवानगी मागायची कुणाकडे?

मग त्याच वाटेनं केबल्स टाकतात तरी का? नकाशा उघडा. मुंबईहून पाण्यानं युरोप गाठायचं तर जवळची वाट तीच. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानं मुंबईहून एडनपर्यंत तारयंत्राची केबल टाकली, पुढची लाइन सुएझकडे गेली. तारयंत्र गेलं, पण वाट तीच राहिली.

आता हा व्हिडिओ. तुम्ही साताऱ्यात बसून बघत असाल तर तो अमेरिकेहून येत नसावा. जास्त बघितल्या जाणाऱ्या व्हिडिओंच्या प्रती कंपन्या जवळच्या सर्व्हरवर ठेवतात. (माझा कुणी बघतच नसेल तर येतही असेल लांबून!) ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहिली, त्यात या केबल्स जवळ असण्याचा मोठा वाटा आहे.

व्हिडिओची प्रत काढून ठेवता येते. आत्याची नाही येत. माझी आत्या न्यू जर्सीत, एडिसनला असते. सरळ रेषेत धरलं तरी साडेबारा हजार किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा हिस्सा तिथंच गेला. केबलची वळणं आणि ॲपचा वेळ वेगळाच. त्यामुळे दर रविवारी आम्ही दोघं एकदमच "बोल" म्हणतो, मग एकदमच "नाही, तू बोल", आणि मग दोघंही गप्प.